जुना रस्ता सायकलला द्या

सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारी, कुडाळचा बुधवारी, म्हापशाचा शुक्रवारी. तळकोकणात आणि उत्तर गोव्यात हे वार कुणाला पाठ करावे लागत नाहीत. दवाखान्याची फेरी, बँकेतले काम, शिंप्याकडे टाकलेले कपडे, सारे बाजाराच्या दिवसाला जोडून ठरते. फिरते व्यापारीही याच वारांच्या मागे फिरतात. घाटावरची भाजी बेळगावकडून येते आणि गावठी माल आसपासच्या वाड्यांतून. उकडे तांदूळ, कुळीथ, सुके बांगडे, सोले, सुरण, मार्च-एप्रिलात ओले काजूगर, पावसात टाकळा आणि कुरडू असे सगळे त्यात असते. पाटी पुढ्यात घेऊन बसलेली बाई सकाळी पहिल्या एसटीने आलेली असते आणि माल संपला की जेवणाच्या वेळेला परतते.

बाजाराच्या गावांमधले अंतर उगाच ठरलेले नाही. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. डोक्यावर ओझे घेतलेला माणूसही साधारण तेवढेच चालतो. पहाटे निघायचे, माल विकायचा, तेल-मीठ घ्यायचे आणि दिवेलागणीला घर गाठायचे, तर बाजार दहा-बारा किलोमीटरच्या आत हवा. म्हणून एका बाजारापासून दुसरा बाजार वीस-पंचवीस किलोमीटरवर सापडतो. कोकणात काय किंवा देशावर काय, बहुतेक ठिकाणी हेच गणित दिसते. त्या वेगाने आज कुणी बाजाराला जात नाही. मात्र मागे सामान बांधलेली सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जाते, म्हणजे दोन तासांत पुढचा बाजार. सकाळी उन्हाआधी पोचावे, भर बाजारात फिरावे, पोटभर जेवावे, मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाचा बाजार गाठावा. सायकलवरून देश पाहण्यासाठी याहून सोयीची आखणी कुठल्या नियोजनकाराला जमली नसती.

सायकल पर्यटनाची भाषा हल्ली सरकारी कार्यक्रमांतही ऐकू येते. तेव्हा बोलणे होते ते नव्या ट्रॅकचे, रंगवलेल्या मार्गिकांचे, स्पर्धांचे. ग्रामीण महाराष्ट्रात नवे काही बांधण्याआधी जे आहे ते राखायला हवे. महामार्ग गावाबाहेरून गेला की मागे एक जुना रस्ता उरतो. तो रस्ता फलक लावून, वेगाची मर्यादा घालून, जड वाहने बाहेरच्या बाहेर वळवून सायकलसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला पाहिजे. आजवर असा रस्ता नुसता विसरला जातो, आणि काही वर्षांनी कुणाला तरी आठवतो तो रुंद करण्यासाठीच.

याचे सर्वांत चांगले उदाहरण सावंतवाडीच्या दारात आहे. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा, पूर्वी थेट शहरातून जायचा. मग झाराप ते पत्रादेवी असा वीसेक किलोमीटरचा चौपदरी रस्ता झाला आणि गोव्याकडे धावणारी वाहने मळगाव-इन्सुलीच्या बाजूने परस्पर जाऊ लागली. जुना रस्ता मात्र जिथल्या तिथे आहे. झारापहून तो आकेरीला येतो. तिथे रामेश्वराचे जुने देऊळ आहे. पुढे तो सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने वळतो, इन्सुलीचा झाडीतला घाट उतरतो आणि बांद्याला लागतो. एके काळी ट्रकांची रांग ओढणारा हा घाट आता सकाळच्या वेळी सायकलवाल्याला जवळजवळ मोकळा मिळतो. उलट झारापच्या उत्तरेला, कुडाळच्या बाजूला, महामार्ग जुन्या रस्त्यावरच रुंद झाला. तिथे जुना आणि नवा असे दोन रस्ते नाहीत, जुनी झाडेही नाहीत. एकाच तालुक्याच्या सीमेवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळतात, आणि सायकलवर बसलेल्याला त्यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

मंगळवारपासून शुक्रवारपर्यंतचा एक प्रवास मनात आणून पाहावा. मंगळवारी सावंतवाडीचा बाजार. बाजार आटोपला की चितारआळीत जावे. लाकडी फळे आणि खेळणी तिथलीच, आणि हाताने रंगवलेले गंजिफाचे गोल पत्तेही याच गावाचे. बुधवारी आकेरीमार्गे झाराप आणि तिथून नाइलाजाने महामार्गाची कड धरून पिंगुळी. पिंगुळी चुकवू नये. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या गावाने जिवंत ठेवल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात त्यांचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोटारीने जाणाऱ्याला पिंगुळी हा महामार्गावरचा एक फलक असतो. सायकलवाला तिथे पाणी प्यायला थांबतो आणि चित्रांच्या पोथीपुढे तासभर बसतो. तिथून कुडाळचा बुधवारचा बाजार अगदी जवळ.

गुरुवारचा टप्पा वेंगुर्ल्याचा. सरळ रस्ता आहेच, पण नेरूर-वालावलच्या बाजूने आडवाट धरली तर वालावलचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्याला लागून असलेला तलाव वाटेत येतो. या भागात सपाट रस्ता जवळजवळ नाहीच. व्हाळाकडे उतरायचे, साकवावरून पलीकडे जायचे, पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढायचे, असे दिवसभर चालते. साध्या काळ्या सायकलीला हे जड जाते. खालचे गिअर असलेली सायकल हवी आणि घाई नको. तिठ्यावर दुकान असते, दुकानात चहा-भजी असते आणि पुढच्या चढणीची खबर असते.

वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, पुढे इंग्रजी अमलात आंबोली घाटातून बेळगावला जाणारा रस्ता याच बंदराशी जोडला गेला. आज देशभरच्या काजू बागायतदारांना वेंगुर्ले माहीत आहे ते १९५७ मध्ये सुरू झालेल्या फळ संशोधन केंद्रामुळे आणि तिथे निघालेल्या काजूच्या जातींमुळे. शुक्रवारचा टप्पा साठेक किलोमीटरचा, त्यामुळे फटफटण्याआधी निघावे लागते. वाटेत शिरोडा लागते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथल्या मिठागरांवर झाला आणि १९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिकवत होते. पुढे रेडी, मग गोव्याच्या हद्दीत शिरताच तेरेखोलचा किल्ला आणि खाली फेरीबोट. बोटीत सायकल उभी करून केरीला उतरायचे. हरमल, शिवोली करत दुपारपर्यंत म्हापसा. तिथल्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या माळांपासून मातीच्या भांड्यांपर्यंत सगळे एका छपराच्या आसपास असते. मालवणी बोलीने निरोप दिलेला असतो आणि कोकणी स्वागताला आलेली असते. हा बदल कुठल्या गावात झाला ते सायकलवरून ऐकू येते, मोटारीच्या काचेतून येत नाही.

मुंबई-पुण्याचे सायकलवाले कोकण किनाऱ्याने गोव्याला जातात, त्यांना याची चव आधीच ठाऊक आहे. दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेऱ्यांनी खाड्या ओलांडत ते दक्षिणेला सरकतात. आता रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल येत आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला पूल हवेत आणि त्याची ती मागणी रास्त आहे. परंतु पूल झाल्यावर गावागावांतून जाणाऱ्या अरुंद किनारी रस्त्याचे काय करायचे, हा प्रश्न पूल बांधतानाच सोडवला पाहिजे. नंतर सोडवायला जागा उरत नाही.

धोका कुठून येतो ते स्पष्ट आहे. पहिला डंपर. वाळू, चिरे, रेडीचे खनिज, सगळे डंपरने जाते, आणि महामार्ग मोकळा असताना डंपर आडरस्त्याला शिरतो कारण तिथे विचारणारे कुणी नसते. दुसरा धोका साइडपट्टीचा. डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत जातात आणि शेजारची मातीची पट्टी पावसात धुपत खाली जाते. कडेला चार बोटांची पायरी तयार होते. मागून वाहन आले आणि सायकल त्या पायरीवरून खाली उतरली की चाक घसरते. मोठ्या खड्ड्याबद्दल बातमी होते, या पायरीबद्दल कधीच होत नाही. सायकलवाला आणि शाळकरी मूल मात्र रोज तिच्याशीच झगडते.

तिसरा धोका रुंदीकरणाचा आहे, आणि त्याबद्दल बोलले की लोक रागावतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये सुरू झाली. तिच्यातला नेहमीचा रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो. अशा रस्त्यावर समोरून दुसरे वाहन आले की दोघांनाही हळू व्हावे लागते. रुंदीच वेगाला लगाम घालते, वेगळा गतिरोधक लागत नाही. तोच रस्ता सात मीटरचा झाला की पोचायला लागणारी मिनिटे थोडी कमी होतात आणि वेग पुष्कळ वाढतो. सायकलवर फिरणारे म्हणून दगडाचा रंग पाहतात. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, केशरी ग्रामसडकेचा. केशरी दगड दिसला की जीव निवांत होतो.

गावकऱ्यांना चांगला रस्ता हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. बाळंतीण वेळेत रुग्णालयात पोचली पाहिजे, आंब्याच्या पेट्या वाशीला वेळेत गेल्या पाहिजेत, एसटी खड्ड्यात आदळता कामा नये. पण चांगला रस्ता म्हणजे रुंद रस्ता, हे समीकरण प्रत्येक ठिकाणी खरे नाही. जिथे नवा महामार्ग तीन-चार किलोमीटरवर धावतो आहे, तिथे जुन्या रस्त्याला आणखी दोन मीटर देऊन कुणाची बाळंतीण लवकर पोचणार नाही. तिथे हवे आहे ते गुळगुळीत डांबर, भरलेली साइडपट्टी, वाहती गटारे आणि सावली.

सावलीचा मुद्दा तर जिव्हाळ्याचा आहे. रस्त्याकडेचे वड, पिंपळ, आंबे, चिंचा लावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पायी चालणारा माणूस आणि बैल होता. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात अशी शेकडो झाडे गेली. महाराष्ट्रात ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण देणारी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली, पण ती ज्या १९७५ च्या कायद्यात झाली तो नागरी क्षेत्रापुरता आहे. म्हणजे शहरातल्या पन्नास वर्षांच्या झाडाला जे कवच मिळते ते खेड्याच्या वाटेवरच्या शंभर वर्षांच्या वडाला नाही. हैदराबादहून विजापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर, तेलंगणातल्या चेवेळ्ळाच्या आसपास, सुमारे ९०० वडांसाठी नागरिक हरित लवादापर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे लढले. महाराष्ट्राने कायद्यात चार शब्द वाढवले तर इथल्या गावांना असा लढा द्यावा लागणार नाही.

रस्ता राखून ठेवायला नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ११२ व्या कलमाने राज्याला वेगमर्यादा ठरवता येते आणि ११५ व्या कलमाने एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना मनाई करता येते. घाट दुरुस्तीच्या वेळी, जत्रेच्या वेळी जड वाहतूक वळवण्याचे आदेश निघतातच. तोच अधिकार झाराप-आकेरी-सावंतवाडी-इन्सुली-बांदा या रस्त्यावर कायमचा वापरावा. गावात माल उतरवणारे वाहन आणि एसटी सोडून जड वाहने चौपदरी रस्त्याने जावीत, आणि इतरांसाठी वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर असावी. ब्रिटनने २००० च्या वाहतूक कायद्यात शांत ग्रामीण रस्ते जाहीर करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि सार्वजनिक बांधकाम खाते ठरवतील तर एका मोसमात हे होऊ शकते.

वाट दाखवण्यासाठीही मोठा खर्च नको. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या, तेव्हा ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याने जुन्या गाडीवाटा आणि गावरस्ते जोडून सायकलसाठी जाळे आखले. १९९५ मध्ये ते सुरू झाले. प्रत्येक तिठ्याला एक क्रमांक आणि खांबावर पुढच्या क्रमांकांकडे जाणारे बाण, एवढीच त्याची रचना. घरून निघताना क्रमांकांची ओळ कागदावर लिहून घ्यायची आणि त्या ओळीने जायचे. ही पद्धत पुढे नेदरलँड्सनेही उचलली. कोकणातल्या तिठ्यांना नावे आहेतच. त्यांना एक क्रमांक द्यायचा, खांबावर पुढच्या बाजाराचे नाव, त्याचे अंतर आणि वार लिहायचा. ‘कुडाळ, बुधवार’ असा बाण पाहून परगावचा माणूस आपल्या सुट्टीचे दिवस जुळवू लागेल.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा ठरला. तेव्हापासून पर्यटन वाढले ते मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात. मोटार थेट किनाऱ्यावर थांबते आणि तिथूनच परत फिरते. महामार्ग बाहेरून गेल्यापासून गिऱ्हाईक तुटले, ही सावंतवाडीच्या दुकानदारांची जुनी खंत आहे. सायकलवाला संख्येने कमी असेल, पण तो वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबतोच. त्याला दिवसातून तीन वेळा भरपेट जेवण लागते, प्रत्येक मुक्कामी खोली लागते, पंक्चर काढणारा लागतो. सोबत शिधा वाहून नेता येत नाही, म्हणून तो प्रत्येक बाजारात खरेदी करतो. लाकडी फळांची टोपली सायकलवर बांधता येणार नाही. बाजाराच्या दिवशी टपाल खात्याने पार्सलची एक खिडकी बाजारातच उघडली तर कारागिराचा माल पुण्या-मुंबईच्या घरी पोचेल.

बाजारातही काम बाकी आहे. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातले २२,००० ग्रामीण हाट सुधारण्याची घोषणा झाली होती. पहाटेपासून दुपारपर्यंत जमिनीवर बसणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि डोक्यावर छप्पर मिळाले का, हीच त्या घोषणेची कसोटी धरावी. फिरस्त्या सायकलवाल्यालाही नेमके तेवढेच हवे असते. त्याच्यासाठी वेगळे केंद्र बांधू नये. भाजीवाल्या मावशीची सोय झाली की त्याची आपोआप होते.

या रस्त्यांवर रोज सायकल चालवणारे दुसरे कुणी आहे, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्राच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. सायकल देणारे खाते एक आणि रस्ता करणारे खाते दुसरे. मुलीच्या हाती हँडल आले, पण तिच्या उजव्या हाताला डंपर आणि डाव्या हाताला खचलेली साइडपट्टी आहे. पर्यटकाच्या निमित्ताने का होईना, तो रस्ता तिच्यासाठी सुरक्षित झाला तर पर्यटनाचा त्याहून मोठा लाभ नसेल.

समृद्धी महामार्गाचे सगळे ७०१ किलोमीटर २०२५ च्या जूनमध्ये खुले झाले. त्याच्यावर सायकलला आणि दुचाकीला जागा नाही, आणि त्या वेगाच्या रस्त्यावर ती नसणेच बरे. पण असे वेगवान रस्ते बांधणाऱ्या राज्याने प्रत्येक नव्या रस्त्याच्या आराखड्यात एक पान जुन्या रस्त्यासाठी ठेवावे. तो कुणाच्या ताब्यात राहील, त्याची डागडुजी कुठल्या निधीतून होईल, त्यावर कोणती वाहने जातील आणि त्याच्या झाडांची मोजणी कोण करील, हे त्या पानावर लिहिलेले असावे.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात खड्डे बुजवण्याच्या निविदा निघतात आणि नोव्हेंबरपासून कोकणात सायकलचा मोसम सुरू होतो. जत्रा आणि दशावताराची नाटकेही त्याच सुमारास. झाराप ते बांदा या जुन्या रस्त्याच्या येत्या निविदेत साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणण्याची अट घालावी, झाडांची मोजणी ग्रामपंचायतींकडे सोपवावी आणि जड वाहनांच्या मनाईचा आदेश पहिल्या जत्रेआधी काढावा. कुडाळ ते झाराप या तुकड्यासाठी महामार्गाच्या कडेने सलग सेवा रस्ता किंवा पिंगुळीकडून आतल्या वाड्यांना जोडणारी वाट, यांपैकी काय जमते याची पाहणी त्याच हिवाळ्यात उरकावी.